पुरानी बस्तीतली उभी बाज

रायपुरात बाज मिळत नाही. तुमच्यापैकी कोणाची मुलगी तिकडे दिलेली असेल आणि तिचं बाळंतपण करायला तुम्ही निघाला असाल, तर आधी हे ऐकून घ्या आणि मग लाडू वळायला बसा. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगलीहून डिंकाचे लाडू, दोन गोधड्या, ओवा, बाळंतशेपा, वेखंड, एवढंच काय, शेगडीची जाळीसुद्धा कापडात गुंडाळून नेली. बाज तेवढी तिथे असेलच असं धरून चालले. एवढी राज्याची राजधानी, आणि तिथे एक सुतळीने विणलेली साधी बाज नसावी?

मुळात पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझ्या अनघाचं मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. तेव्हा मुलगी माहेरी येण्याऐवजी माहेरच उठून मुलीकडे गेलं, म्हणजे मी गेले. आमचे हे सांगलीतच राहिले. त्यांचा गुडघा आणि त्यांची बाग, दोन्ही प्रवासाच्या विरुद्ध आहेत.

बाजेचा हट्ट माझाच होता, ते कबूल करते. बाळंतीण बाजेवर निजते, खाली शेगडीत निखारे असतात, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकतात, आणि ती धग विणीच्या भोकांतून वर येऊन कंबर शेकते. माझी आई माझ्या वेळी अशी निजली, मी अनघाच्या वेळी अशीच निजले. यातलं किती शास्त्र आणि किती सवय, हे मला विचारू नका. एकदा हाती आलेलं निसटलं होतं, आणि या खेपेला माझ्याकडून काही कमी पडू द्यायचं नव्हतं, एवढंच मला कळत होतं.

नवा रायपुर

माझा जावई प्रशांत तिथल्या मंत्रालयात नोकरीला आहे, म्हणून त्यांना नव्या राजधानीत सरकारी फ्लॅट मिळाला. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या फुटपाथवरचं माणूस ओळखीचं आहे की नाही ते दिसत नाही. पण तिथे माणूस असतं कुठे? कडेला रांगेने झाडं, मध्ये रांगेने झाडं, आणि बस कधी येईल ते बसवाल्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी मी कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरले आणि तासाभराने तशीच हात हलवत परत आले. सांगलीत एवढ्या वेळात मी भाजी आणून, निवडून, शेजारणीशी भांडून मोकळी झाले असते.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आत दोन खोल्या, त्यांची नावं 'मास्टर बेडरूम' आणि 'बच्चों का रूम'. मास्टर बेडरूममध्ये मास्टरलाही फिरायला जागा नाही, कारण सगळी जागा एका बॉक्स बेडने खाल्लेली. प्लायवूडची पेटी, आत रजया, सुटकेसा आणि लग्नात आलेले डिनर सेट, वर गादी. तिच्याखाली शेगडी ठेवली असती तर पोरीच्या आधी डिनर सेट शेकून निघाले असते.

"बाज कुठाय?" मी प्रशांतला विचारलं.

"मम्मी, हीटिंग पैड ले लेंगे न. ऑनलाइन आ जाएगा."

त्याला मराठी सगळं समजतं. मी रागावले की तर शब्द न् शब्द समजतो. उत्तर मात्र हिंदीत देतो, आणि तेही असं गोड की पुढे भांडता येत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि जावई असा मिळाला, हा देवाचा न्याय.

विहीणबाई, म्हणजे प्रशांतची आई, त्याच वेळी आतून चहा घेऊन आल्या. मूळच्या वर्ध्याकडच्या. लग्न होऊन रायपुरात आल्या, यजमान रेल्वेत होते, ते जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं स्वतःचं घर जुन्या शहरात, पुरानी बस्तीत. अनघाचे दिवस भरत आले म्हणून फ्लॅटवर येऊन राहिल्या होत्या, आणि दर दोन दिवसांनी देवाला दिवा लावायला घरी जाऊन येत होत्या.

"काहून एवढ्या परेशान होऊन राहिल्या, इहीनबाई?" त्या म्हणाल्या. "भेटन न बाज. माह्यावर सोडा."

मी सोडलं. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी विचारलं तर "हव हव, पाहून राहिली न मी," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पाटवडी वाढली. चौथ्या दिवशी पाटवडीच्या जागी तांदळाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं, उत्तर तेच. चीला उत्तम होता, टोमॅटोची चटणी तर मी शिकून आले. पण चील्यावर बाळंतीण निजवता येत नाही.

"आई, होईल ना सगळं," अनघा म्हणाली. ती कुशीवर पडून मोबाइल बघत होती. तिचे पाय सुजले होते, आणि मला ते बघवत नव्हते.

गोल बाजार आणि बीरगांव

पाचव्या दिवशी मी स्वतःच बाहेर पडले.

गोल बाजारात मिळत नाही असं काही नाही म्हणतात. फर्निचरच्या दुकानात मी "खाट दाखवा" म्हटलं तर त्याने दिवाण दाखवला. पलंग म्हटलं तर बॉक्स बेड. कॉट म्हटलं तर घडीचा लोखंडी पाळणा असावा तशी एक वस्तू उघडून मिटून दाखवली आणि स्वतःचं बोट चिमटून घेतलं. शेवटी मी हाताने विणकाम करून दाखवलं, "दोरीवाली, दोरीवाली." तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा, खटिया! माताजी, वो तो ढाबे पे मिलेगी."

म्हणजे ट्रकवाल्यांनी निजावं असल्या खाटेवर, बाळंतिणींनी नाही. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण रागात मला हिंदी येत नाही. शेजारच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं की बीरगांवला जा, तिथे कारखान्यांचे लोक राहतात, तिथे स्वस्तातल्या खाटा बनतात.

गेले. रिक्षात हाडं खिळखिळी झाली, आणि तिथे पोचेपर्यंत तोंडावर काळ्या धुळीचा थर. कारखान्यांच्या पाठीमागे खोल्यांच्या रांगाच रांगा, एका दाराला चिकटून दुसरं दार. एका उघड्या दारातून दिसलं, भर दुपारी दोघं जण गाढ झोपलेले, आणि बाहेर पायरीवर डबा धुणाऱ्या एका माणसाने सांगितलं की ते रातपाळीचे. ते उठले की हा त्यांच्या जागी निजणार. चार माणसांत दोन खाटा, आणि खाट कधी गार पडत नाही. आमच्याकडे पाहुणा आला तर त्याची चादर बदलतो आपण. मी तिथे उगाच जरा वेळ उभी राहिले, मग खाटा बनवणाऱ्याकडे गेले.

तो पाइप वेल्डिंग करून सांगाडे करत होता आणि त्यावर निळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणत होता. वीण सुबक होती. मी त्याला शेगडीचं समजावून सांगितलं. त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"नीचे आग रखेंगे? अम्मा, ये प्लास्टिक है."

"सुतळीची करून दे."

"सुतली का काम अब कौन करता है, अम्मा."

एवढं बोलून तो परत ठिणग्या उडवायला लागला. संध्याकाळी फ्लॅटवर पोचले तेव्हा डोकं भणभणत होतं, आणि विहीणबाईंनी विचारलं, "भेटली का?" मी तोंड धुवायला निघून गेले. उत्तर दिलं असतं तर व्याही-विहिणींत जे होऊ नये ते झालं असतं.

पुरानी बस्ती

दुसऱ्या दिवशी त्या दिवा लावायला निघाल्या तेव्हा मीही बरोबर गेले. फ्लॅटमध्ये बसून तरी काय करणार होते?

पुरानी बस्ती मात्र मला आवडली. गल्ल्या अरुंद, दोन पावलांवर देऊळ, दारात बसलेल्या बायका, आणि कोथिंबीर विकणारा माणूस चक्क दारावर येतो. (विहीणबाई कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्यावर मी आता वाद घालत नाही.) त्यांचं घर म्हणजे एकामागे एक अशा दोन खोल्या, मागे न्हाणी आणि चार हात अंगण. त्या खोल्यांना 'समोरची कुरिया' आणि 'मागची कुरिया' म्हणतात. कुरिया हा तिथल्या छत्तीसगढी लोकांचा शब्द, छोट्या घरालाही तोच आणि खोलीलाही तोच. इतक्या वर्षांत तो त्यांच्या वऱ्हाडीत असा मुरला होता की मी विचारलं तेव्हा त्यांना आठवेना की माहेरी त्या खोलीला काय म्हणत होत्या.

मागच्या कुरियात भिंतीला काहीतरी उभं केलेलं होतं, वरून जुनी फुलांची चादर. मी हात पुसायला फडकं शोधत होते, म्हणून चादरीचं टोक उचललं.

बाज. चांगली सागवानी, खूर कातीव, वीण घट्ट, सुतळी कुठे तुटलेली नाही की सैल पडलेली नाही. मी गोल बाजार पालथा घातला, बीरगांवची धूळ खाल्ली, आणि ही इथे आरामात भिंतीला टेकून उभी!

"अहो विहीणबाई! ही काय बाज!"

त्या देवापाशी वात लावत होत्या. वळल्या नाहीत.

"ते राहू द्या."

"अहो, राहू द्या काय? हीच तर..."

"चहा ठेवू का तुमच्यासाठी? साखर कमी टाकतो."

मी तीनदा विचारलं. तीनदा चहा, पोहे आणि शेवटी लाल भाजी यांचा विषय निघाला. त्या घरात तव्याला, खिडकीला, झाडूला तीन भाषांतली तीन नावं होती, एका वाक्यात तिन्ही यायची. ह्या एका वस्तूला कोणी नावच घेत नव्हतं. 'ते', 'ते मागचं', 'ते भिंतीजवळचं'. संध्याकाळी प्रशांत आम्हाला न्यायला आला, त्याला विचारलं तर तोही "मम्मी, वो छोड़िए न," म्हणून गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

मी म्हटलं, ठीक आहे. देवाला वाहिली असेल, नाहीतर कोणाची आठवण म्हणून ठेवली असेल, नाहीतर फुकट मिरवायला ठेवली असेल. माझ्या मुलीच्या कमरेपेक्षा ती मोठी नाही.

निघताना समोरच्या घरातली म्हातारी दारात बसलेली दिसली. सुकवारो दाई. दाई म्हणजे तिथे आई. घर म्हणजे एकच कुरिया, वर कौलं, दारापुढे ओटा, ओट्यावर एक झिजलेली खटिया, आणि तिच्यावर पाय हलवत ही. तिने विहीणबाईंच्या हातात वाटीभर फरा ठेवला. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले बोटाएवढे तुकडे, वर तीळ-मिरचीची फोडणी. गल्लीतून चालता चालता ते आम्ही संपवले. त्या दिवसातली तेवढीच गोष्ट माझ्या मनासारखी झाली.

पुरानी बस्ती ते नवा रायपुर

दोन दिवसांनी अनघाची तपासणी होती. विहीणबाई आणि प्रशांत तिला घेऊन जाणार होते. बाळाच्या अंघोळीसाठी तांब्याचं घंगाळ पाहिजे होतं, ते पुरानी बस्तीत होतं. विहीणबाईंनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्हीच घेऊन या, इहीनबाई. न्हाणीत उपडं घातलेलं आहे."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. घंगाळ आणायला मालाची रिक्षा कोण करतं? मी केली.

रिक्षावाला आणि मी मिळून बाज बाहेर काढत होतो तेव्हा सुकवारो दाई ओट्यावरून उठली. मी तिला उठून उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होते. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"बाई, ओला झन ले जा."

नेऊ नको म्हणाली. मला स्वच्छ कळलं.

"विहीणबाईंनी सांगितलंय," मी म्हटलं.

"ओ ह नइ कहे होही."

ती असं म्हणणारच नाही, असं तिचं म्हणणं. सबंध गल्लीत मला खोटं पाडत होती! शेजारणींना दुसऱ्याच्या घरातल्या चमच्याचीही काळजी असते, हे मला सांगलीपासून माहीत आहे. मी दाराला कुलूप घातलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, चलो भैया.

लिफ्टमध्ये बाज मावेना. चौकीदार म्हणाला, "मैडम, परमिशन है?" मी म्हटलं, खाटेला परवानगी लागते, मग माणसांना कशी लागत नाही इथे यायला? तीन मजले आम्ही ती आडवी-उभी करत चढवली. जिन्याच्या ताज्या रंगावर एक लांब ओरखडा उमटला, तो अजून असेल. मग मी ती बाल्कनीत झटकली, ओल्या फडक्याने पुसली, उन्हात धरली. जिन्यातल्या हिसक्यांनी सैल झालेल्या पायथ्याच्या दोऱ्या ओढून ओढून ताणल्या, तळहाताला फोड आले. 'बच्चों का रूम'मध्ये खिडकीखाली बाज टाकली आणि वर सांगलीची गोधडी अंथरली. दारात उभी राहून मी तिच्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

ती मंडळी आली. अनघा पुढे होती, दमलेली. तिने बाज बघितली, "अय्या आई, मिळाली?" म्हणाली आणि सरळ आडवी झाली.

"किती छान वाटतंय गं. पाठ कशी मोकळी होते."

मागून विहीणबाई आल्या, हातात औषधांची पिशवी. दारातच थांबल्या. मला वाटलं रागावतील, आणि माझी उत्तरं तयार होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाजेपाशी गेल्या आणि अनघाचा हात धरला.

"उठ, बेटा," त्या म्हणाल्या. आवाज इतका हलका की मला जेमतेम ऐकू आला. "उठ. तिकडं झोप, पलंगावर. उठ न, राणी."

अनघा उठली. तिलाही काही कळलं नव्हतं. विहीणबाईंनी तिला दुसऱ्या खोलीत नेऊन निजवलं, पांघरूण घातलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी त्यांच्यामागे गेले, अजून रागातच.

"झालं तरी काय? एवढी चांगली बाज नुसती..."

"दोन गेले माहे," त्या म्हणाल्या.

त्या ओट्याला हात टेकून उभ्या होत्या, तोंड खिडकीकडे.

"प्रशांतच्या पह्यले. पोट्टा आठ दिसाचा होता. मंग पोट्टी झाली, तिचा सव्वा महिना व्हाले दोन दिवस बाकी होते. दोघंबी तिच्यावरच गेले, माह्या बाजूले. प्रशांतच्या वक्ताले सुकवारो दाई आली अन् म्हणे, उठ येथून, माझ्या खटियावर चाल. तिच्या कुरियात ठेवलं मले सव्वा महिना. ती भुईवर निजली."

मला सुचलं ते भलतंच. "मग टाकून का नाही दिलीत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी वर्गात कधी कधी एखाद्या मुलाकडे बघायची.

"कशी टाकू? तेवढंच तर हाये त्याईचं."

बाहेर प्रशांत टीव्ही लावून बसला होता, आवाज बंद करून.

"दाईची खटिया मागणार होती मी," त्या पुढे म्हणाल्या. "पण म्हातारी सोताच निजते तिच्यावर. मागाले जीव होत नव्हता. आज मागू, उद्या मागू, असं करून राहिली होती."

"मला सांगितलं असतंत तर..."

"तुमच्या पोरीचं मागच्या साली तसं झालं. तुमच्यापुढं हे कसं काढू मी?"

म्हणजे त्या आठवडाभर माझ्या ताटात पाटवड्या वाढत होत्या ते यासाठी. मला माझा इतका राग आला की तो राग ठेवायला त्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती.

पुन्हा पुरानी बस्ती

बाज मी स्वतः परत नेली, त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत. प्रशांत येतो म्हणाला, त्याला मी येऊ दिलं नाही. तेच तीन मजले, तोच चौकीदार. त्याने या वेळी परवानगी विचारली नाही, माझं तोंड बघूनच बाजूला झाला. मागच्या कुरियात ती होती तशी उभी केली, फुलांची चादर घातली. घंगाळ तेवढं बाहेर काढलं. तेही मी सकाळी विसरले होते.

मग दुसरी गोधडी काखेत मारून मी गल्ली ओलांडली. सुकवारो दाई ओट्यावरच होती. मी मनात हिंदीची जुळवाजुळव करत होते. तिने माझ्या हातातल्या घंगाळाकडे बघितलं, मग मागच्या बंद दाराकडे, आणि मी तोंड उघडायच्या आत खाली उतरून खटियावरचं अंथरूण गुंडाळायला लागली.

"हव, ले जा," ती म्हणाली. "सात झन लइका होय हे एमा, सबो जियत हें. तुँहर दमांद घलो."

सात मुलं झाली हिच्यावर, सगळी जिवंत आहेत, तुमचा जावईसुद्धा.

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "आप कहाँ सोएँगी?"

"मोर का हे. मैं भुइँया म सुत जाहूँ."

माझं काय, मी भुईवर निजेन. जणू मी तिच्याकडे विरजण मागायला आले होते. मी तिच्या हातात गोधडी दिली. तिने ती उलगडून बघितली, शिवण बोटाने चाचपली आणि टाके लांब आहेत म्हणाली. माझ्या आईने घातलेले टाके! पण त्या दिवशी भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

आता ती खटिया कशी होती तेही सांगते. एक खूर आखूड, त्याखाली लाकडाची चिपटी बांधलेली. वीण दोन रंगांची, कारण मध्ये कधीतरी दोरी संपून वेगळी लावलेली. सांगलीत मी ती अंगणात वाळवणालासुद्धा टाकली नसती. रिक्षावाला तोच होता. "माताजी, आप खटिया का धंधा करती हैं क्या?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघाला कळा सुरू झाल्या. अजून दोन आठवडे बाकी होते. दवाखान्याच्या बाकावर मी आणि विहीणबाई शेजारी शेजारी बसलो होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, त्या बाजेवर आडवी झालेली माझी मुलगी. असल्या गोष्टींना अर्थ नसतो हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेन! तिथे बसून मी तेच स्वतःला सांगत होते, आणि मलाच ते पटत नव्हतं. विहीणबाईंनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "तुमच्यापायी नाही झालं हे, इहीनबाई. पोरीचा वक्त आला, बस." एवढं बोलून त्यांनी पदराच्या गाठीतला लाडू काढून माझ्या हातात दिला. माझाच, डिंकाचा. खा म्हणाल्या, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

दुपारी मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज माझ्यावर गेलेला.

सव्वा महिना त्या आखूड खुराच्या खटियावर अनघाला यथासांग शेक दिला. धुरामुळे वरच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केली, चौकीदार बादली घेऊन आला. सहाव्या दिवशी, बाळाच्या छट्ठीला, सुकवारो दाई गाडीत बसून आली. लिफ्टमध्ये शिरायला तयार होईना, तेव्हा तिला प्रशांतने जिन्याने हात धरून वर आणलं. तिने सगळ्यात आधी आपली खटिया बघितली, दोरी सैल पडलीय म्हणून मला बोलली, आणि स्वतः बसून ताणली.

मी निघायच्या दिवशी खटिया त्याच रिक्षावाल्याच्या रिक्षात घालून परत करायला आम्ही सगळे पुरानी बस्तीत गेलो. अनघा दाईपाशी ओट्यावर बसली. मी बाळाला घेऊन विहीणबाईंच्या मागे घरात गेले. त्यांनी देवाला दिवा लावला, मग मागच्या कुरियात जाऊन चादर काढली आणि बाज आडवी केली. ती जमिनीला टेकली तेव्हा खुरांचा आवाज झाला. त्या बसल्या, हाताने शेजारची जागा झटकली.

"बसा."

मी बसले. बाळ माझ्या हातावर झोपलेलं होतं. बाहेर दाई अनघाला काहीतरी रागावून सांगत होती.

"हात दुखला असन," विहीणबाई म्हणाल्या. "टेकवा न तिले इथं."

"असू दे. जड नाही ती."

"टेकवा, इहीनबाई. मी सांगून राहिली न."

आम्ही दोघींनी मिळून तिला खाली ठेवलं, मध्ये, विणीवर. विहीणबाईंनी तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि खाली वाकल्या.

"पाहा रे," त्या बाजेला म्हणाल्या, "प्रशांतची पोट्टी आली."

माझा हात मी बाळाच्या पाठीखालून काढला नव्हता. तो काढा असं विहीणबाई म्हणाल्या नाहीत, आणि रिक्षावाल्याने बाहेरून हाक मारेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.